सरांच्या हातातली सही

रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकरला मारलेल्या थपडेची गोष्ट महाराष्ट्रातल्या बहुतेक क्रीडाप्रेमींना तोंडपाठ आहे. शारदाश्रम शाळेच्या मोठ्या संघाचा अंतिम सामना वानखेडेवर होता. सरांनी सचिनसाठी दुसरीकडे सराव सामना ठरवला होता. तो सोडून हा मोठ्यांच्या खेळाला टाळ्या वाजवायला गेला. सरांना ते कळलं, कानशिलात बसली, हातातला डबा उडून खाली सांडला. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसण्यापेक्षा लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असं खेळ, अशा आशयाचं सर बोलले आणि मुलाने ते आयुष्यभर जपलं. सचिनने स्वतः ही गोष्ट अनेकदा, मनापासून कृतज्ञतेने सांगितली आहे.

पण याच आचरेकर सरांनी सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेलं, एक सामना संपला की दुसऱ्यात उतरवलं, संध्याकाळी पोरगा दमला की स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवून त्याला पुन्हा उभं केलं. एका मुलासाठी रोजचे इतके तास देणारा माणूस म्हणून ते द्रोणाचार्य ठरले. शिकवणी त्या स्कूटरवर झाली होती. गावोगावच्या मैदानांवर मात्र स्कूटर मागे पडली आणि थप्पड तेवढी पुढे आली. ‘आचरेकर सरांनी सचिनला मारलं नव्हतं का?’ हा प्रश्न आजही कुठल्याही तक्रारीच्या तोंडावर फेकला जातो आणि समोरचा गप्प होतो.

या प्रश्नात एक मोठी फट आहे. थपडेची गोष्ट सांगणारा नेहमी यशस्वी खेळाडूच असतो. सत्काराला त्यालाच बोलावतात, माईक त्याच्याच हातात येतो. ज्या मुलाने अपमान गिळला आणि एक दिवस बूट पिशवीत भरून मैदान कायमचं सोडलं, त्याला कुणी विचारत नाही. क्रीडा विभागाच्या भिंतीवर चषकांचे आणि संघांचे फोटो असतात. अर्ध्यातून निघून गेलेल्यांची नोंद कुठेच नसते. प्रशिक्षकाच्या वागणुकीचा हिशेब एकाच बाजूच्या साक्षीवर होत आला आहे आणि म्हणून तो नेहमी प्रशिक्षकाच्याच बाजूने लागत आला आहे.

जळगाव आणि धुळ्याच्या संदर्भात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. महानगरातल्या खेळाडूला एका प्रशिक्षकाशी पटलं नाही तर दुसरा क्लब असतो, तिसरी अकादमी असते. खानदेशातल्या महाविद्यालयीन खेळाडूला बहुधा एकच वाट असते. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं, २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. त्याआधी इथली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि चोपड्याच्या, साक्रीच्या, शिरपूरच्या मुलामुलींना विद्यापीठाचा रंग अंगावर घालून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाण्याची संधी आवाक्यात आली. ही खरी कमाई आहे. पण त्या वाटेवरचं प्रत्येक फाटक एकाच माणसाकडे आहे.

महाविद्यालयात शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचं पद साधारण एकच असतं. फुटबॉल, कबड्डी, कुस्ती, मैदानी खेळ, सगळं त्याच्याच अंगावर. संघ तोच निवडतो. पात्रतेच्या प्रपत्रावर प्राचार्यांच्या सहीआधी त्याची सही लागते. किट कुणाला, प्रवासभत्ता कधी, बुडालेल्या तासांची हजेरी कशी लावून घ्यायची, हे त्याच्या शब्दावर चालतं. विद्यापीठाच्या निवड समितीत त्याचेच सहकारी बसतात. स्पर्धा झाली की प्रमाणपत्रही त्याच्याच कपाटातून बाहेर येतं.

हा कागद किती मोठा असतो, हे खानदेशाबाहेरच्या वाचकाला चटकन कळणार नाही. पहाटे जळगावच्या किंवा धुळ्याच्या कुठल्याही मैदानावर जाऊन पाहावं. एका टोकाला फुटबॉलची मुलं असतात, दुसऱ्या टोकाला पोलीस भरतीची तयारी करणारी, आणि कित्येक चेहरे दोन्हीकडे तेच असतात. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतलं यश कागदावर असेल तर कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या घरातल्या मुलाचं आयुष्य बदलू शकतं. घरी वडील मजुरीला जातात, आई केळीच्या बागेत कामाला जाते, आणि या मुलाला ‘तुझ्यात काहीतरी आहे’ असं म्हणणारा पहिला मोठा माणूस क्रीडाशिक्षक असतो. बुटाला पैसे नसले तर पुष्कळदा तेच आपल्या खिशातून देतात. अशा माणसाविरुद्ध तोंड कसं उघडायचं? सही अडकेल ही भीती असते आणि सर आपल्यासाठी एवढं करतात ही ओझ्यासारखी जाणीवही असते. दोन्ही मिळून मूल गप्प बसतं. घरीही सांगत नाही, कारण घरचे आधी हेच म्हणणार, ‘सरांचं ऐक भाऊ, तुझ्या भल्यासाठीच बोलले असतील.’

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की रागीट माणूस हा यातला छोटा भाग आहे. खरा धोका या सगळ्या सह्या एकाच हातात असण्याचा आहे. राग शांत स्वभावाच्या माणसालाही येतो. पण समोरचा कधीच उलट बोलू शकणार नाही याची खात्री असली, की त्या रागाला बांध राहत नाही.

गोव्यात घडलेल्या प्रकाराने हे उघड्यावर आणलं. मार्च २०२४ च्या अखेरीस इंडियन विमेन्स लीगच्या दुसऱ्या श्रेणीचे सामने गोव्यात चालले होते. हिमाचल प्रदेशच्या खाड एफसी या संघातल्या दोन खेळाडूंनी तक्रार केली की, संघाचे मालक दीपक शर्मा दारूच्या नशेत त्यांच्या खोलीत शिरले आणि त्यांनी मारहाण केली. निमित्त काय, तर रात्रीचं जेवण संपल्यामुळे या मुली अंडी शिजवत होत्या. म्हापसा पोलिसांनी गुन्हा नोंदवून शर्मांना अटक केली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना निलंबित केलं. आरोप खरे की खोटे याचा निकाल न्यायालयाचा. पण आरोप बाजूला ठेवला तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. शर्मा त्या क्लबचे मालक होते, हिमाचल फुटबॉल संघटनेचे सरचिटणीस होते, आणि राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारी समितीचे सदस्यही होते. मुलींनी क्लबकडे दाद मागायची तर तिथे तेच, राज्य संघटनेकडे जायचं तर तिथे तेच, दिल्लीत जायचं तर टेबलाच्या पलीकडे पुन्हा तेच. त्या मुली घरापासून दीड-दोन हजार किलोमीटर लांब, परक्या राज्यात होत्या आणि तरी बोलल्या. कदाचित परक्या राज्यात होत्या म्हणूनच बोलू शकल्या. गावाकडे असत्या तर पहिला फोन घरच्यांना गेला असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं, ही शक्यता नाकारता येत नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी, २०२२ मध्ये, भारतात भरणाऱ्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकासाठी आपला संघ युरोपच्या दौऱ्यावर होता. त्या स्पर्धेचे सामने नवी मुंबई, मडगाव आणि भुवनेश्वरला व्हायचे होते. दौऱ्यात सहायक प्रशिक्षक अॅलेक्स अॅम्ब्रोज यांच्यावर एका अल्पवयीन खेळाडूशी लैंगिक गैरवर्तन केल्याचा आरोप झाला. त्यांना परत पाठवलं गेलं, पुढे पदावरून काढण्यात आलं आणि दिल्लीत पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. तिथे निदान संघासोबत परदेशी मुख्य प्रशिक्षक होते, इतर कर्मचारी होते, आणि विश्वचषक तोंडावर असल्यामुळे सगळ्या देशाची नजर होती. एखाद्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला एसटीने निघालेल्या संघासोबत यातलं काय असतं?

माहितीच्या अधिकारातून २०२० मध्ये बाहेर आलेले भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे आकडे सांगतात की, दहा वर्षांत तिथे लैंगिक छळाच्या ४५ तक्रारी झाल्या आणि त्यांतल्या २९ प्रशिक्षकांविरुद्ध होत्या. देशभर केंद्रं असलेल्या संस्थेसाठी हा आकडा लहान वाटेल. महिला सक्षमीकरणावरच्या संसदीय समितीने मात्र अशा अनेक घटना नोंदल्याच जात नसाव्यात, अशी शंका आधीच व्यक्त केली होती. आणि हे झालं लैंगिक छळाचं, ज्याच्यासाठी निदान कायदा आहे, समिती आहे, तक्रारीचा नमुना आहे. शिव्या, जातीवरून-वस्तीवरून टोमणे, सगळ्यांसमोर उठाबशा, पाणी बंद करणं, दुखऱ्या घोट्यावर पळायला लावणं, यांची मोजदादच होत नाही.

गप्प बसण्याचा एक जुना धडा जळगावच्या पाठीशी आहेच. १९९४ मध्ये मुलींना जाळ्यात ओढून, छायाचित्रांचा धाक दाखवून त्यांचं शोषण केल्याचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत या शहराचं नाव होतं. त्या तपासात सगळ्यांत अवघड ठरलं ते मुलींनी पुढे येऊन बोलणं. नाव फुटलं तर लग्न होणार नाही, घराची अब्रू जाईल, ही भीती आरोपींच्या धाकाइतकीच मोठी होती. त्या पिढीतल्या मुली आज आया आहेत. आपल्या लेकीला मैदानावर पाठवताना त्यांच्या मनात काय येत असेल, हे महाविद्यालयांनी समजून घ्यायला हवं. मुलींचे संघ उभे राहत नाहीत अशी खंत क्रीडा संचालक नेहमी करतात. आईला विश्वास वाटेल असं आपण काय केलं आहे, हा प्रश्न त्या खंतीच्या आधी यायला हवा.

प्रशिक्षकाच्या वागणुकीची चौकशी नेमकी कधी सुरू होते, याबद्दल अमेरिकेतली दोन उदाहरणं फार बोलकी आहेत. तिथला ‘फुटबॉल’ म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धडका मारत पुढे जाण्याचा खेळ. महाविद्यालयीन सामन्यांना लाखाच्या घरात गर्दी होते आणि प्रशिक्षकाचा पगार कित्येकदा कुलगुरूंपेक्षा जास्त असतो. कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक मार्क मॅन्जिनो यांनी २००७ च्या हंगामात संघाला १३ पैकी १२ सामने जिंकून दिले, मानाचा ऑरेंज बाउल मिळवून दिला आणि देशातला सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरव मिळवला. २००९ मध्ये संघाने पहिले पाच सामने जिंकले आणि मग ओळीने सात हरले. त्या पराभवांच्या रांगेत विद्यापीठाने त्यांच्या वागणुकीची चौकशी सुरू केली. माजी खेळाडू बोलू लागले. घरच्या दुःखावर, गरिबीवर बोट ठेवून आपल्याला टोचलं जायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. मॅन्जिनो यांनी डिसेंबर २००९ मध्ये पद सोडलं. तक्रारी करणारे बरेच जण आधीच्या, जिंकण्याच्या वर्षांतले होते. म्हणजे वागणूक तेव्हाही तीच असेल, तर ती कुणाला खुपली नव्हती. चषक येत होते तोवर तो ‘कडक शिस्तीचा माणूस’ होता. चषक थांबले तेव्हा तो छळ करणारा ठरला. असा न्याय प्रशिक्षकालाही न्याय नाही आणि खेळाडूला तर नाहीच.

दुसरं उदाहरण अधिक दुःखद आहे आणि खानदेशाने ते नीट वाचायला हवं, कारण त्याचा संबंध उन्हाशी आहे. मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा खेळाडू जॉर्डन मॅकनेअर २९ मे २०१८ रोजी सरावात ११० यार्डांच्या धावा काढत होता. सात धावांनंतर त्याची अवस्था दिसण्यासारखी बिघडली होती. तरी सराव पूर्ण करून घेतला गेला. त्याच्या अंगाचं तापमान कुणी मोजलं नाही, त्याला थंड पाण्यात बसवलं नाही, आणि रुग्णवाहिकेतून निघेपर्यंत तासाहून अधिक वेळ गेला. रुग्णालयात पोहोचला तेव्हा ताप १०६ अंश फॅरनहाइट होता. १३ जूनला तो गेला. त्यानंतर खेळाडूंनी नावं न सांगता पत्रकारांना सांगितलं की, थांबणं म्हणजे बायकीपणा, पाणी मागणं म्हणजे दुबळेपणा, अशी त्या संघात हवाच होती. विद्यापीठाने कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. तरीसुद्धा ३० ऑक्टोबरला प्रशिक्षक डी. जे. डर्किन यांना पुन्हा कामावर घेण्याचा निर्णय झाला आणि विद्यार्थ्यांचा संताप पाहून ३१ ऑक्टोबरला विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्यांना काढलं. एका मुलाचा जीव गेल्यावरही चोवीस तास तराजू डळमळत होता.

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. धुळ्यातही सकाळी दहानंतर मोकळ्या मैदानावर उभं राहणं कठीण होतं. व्यायामाने होणाऱ्या उष्माघाताचं वैद्यकशास्त्र अगदी सरळ आहे. आधी जागच्या जागी थंड करा, मग हलवा. अंग गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बुडवता आलं आणि ते पहिल्या काही मिनिटांत झालं, तर जवळपास प्रत्येक खेळाडू वाचतो. त्यासाठी लागतं काय? प्लॅस्टिकची एक मोठी टाकी, बर्फाच्या लाद्या आणि थर्मामीटर. टाकी कुठल्याही लग्नाच्या मांडवात असते, बर्फ रसवंतीवर मिळतो. मैदानावर या तीन गोष्टी नसतात, कारण चक्कर येऊन पडलेल्याकडे आपण अजून आजारी म्हणून पाहत नाही, ‘कच्चा’ म्हणून पाहतो. मुंबईत जून २०१४ मध्ये पोलीस भरतीच्या धावेत उमेदवार कोसळून दगावले, तेव्हा कुठे सरकारला जाग आली. तेव्हाची पाच किलोमीटरची धाव आज पुरुषांसाठी १६०० मीटरवर आली आहे. पोलिसांच्या दर्जात त्यामुळे काही घट झाल्याचं कुणी म्हणत नाही.

यावर क्रीडा संचालकांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, कारण ते पोकळ नाही. एक माणूस पंधरा-वीस खेळ सांभाळतो. कित्येक ठिकाणी पद रिकामं असतं आणि तासिका तत्त्वावरचा तरुण तुटपुंज्या मानधनावर तेच काम करतो. मैदान काळ्या मातीचं, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. मुलं वेळेवर येत नाहीत, रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर असतात, हरली की एकमेकांवर ढकलतात. पालक सहसा फिरकत नाहीत. अशा वेळी आवाज चढवल्याशिवाय संघ उभा कसा राहणार? आणि उद्या वगळलेल्या प्रत्येक खेळाडूने सूड म्हणून तक्रार ठोकली, तर नोकरी करायची की चौकशीला हजर राहायचं?

शिस्त हवीच, यात वाद नाही. उशिरा आलेल्याला सामन्यात न खेळवणं ही शिस्त आहे. चुकलेला पास पन्नास वेळा पुन्हा द्यायला लावणं ही शिस्त आहे. त्या चुकीचं खापर मुलाच्या आडनावावर, त्याच्या पाड्यावर, त्याच्या अहिराणी किंवा पावरी बोलण्यावर फोडणं याचा फुटबॉलशी काही संबंध नाही. त्याने पास सुधारत नाही. सातपुड्याच्या पायथ्यातून आलेला पावरा किंवा भिल्ल मुलगा दमात शहरी मुलाला सहज मागे टाकतो, पण सगळ्यांसमोर भाषेवरून हिणवलं गेलं की तो आधी बोलणं बंद करतो आणि मग येणं. फुटबॉल तर बोलून खेळायचा खेळ आहे. मागून येणाऱ्याला ओरडून सांगावं लागतं, चेंडू मागावा लागतो. प्रशिक्षकाच्या धाकाने मुका झालेला संघ मैदानावरही मुकाच राहतो आणि गोल खातो. हे कुठल्याही जाणत्या प्रशिक्षकाला ठाऊक असतं.

कोलकात्याचे पी. के. बॅनर्जी ईस्ट बंगाल आणि मोहन बागानचे प्रशिक्षक असताना सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये जे बोलायचे, त्याला मैदानावर ‘व्होकल टॉनिक’ म्हणत. शब्दांनीच पेटवायचं आणि तेही अपमान न करता, ही त्यांची ख्याती होती. ते स्वतः १९६२ च्या आशियाई सुवर्णपदक विजेत्या संघात खेळले होते, त्यामुळे त्यांना मवाळ म्हणण्याची सोय नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण तर थेट महाविद्यालयाच्या क्रीडा विभागातलं आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली मुलं पाहिली आणि त्यांना चेंडू दिला. त्यातून स्लम सॉकर उभं राहिलं, मुलं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली, आणि २०२२ मध्ये नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मधून ही कहाणी घराघरांत पोहोचली. या कहाणीचं कौतुक बहुधा बारसे सरांच्या मोठ्या मनासाठी होतं. ते योग्यच आहे. पण त्यातली आणखी एक गोष्ट क्रीडा विभागांनी पाहण्यासारखी आहे. त्या मुलांवर सरांचा कसलाच अधिकार नव्हता. ना हजेरी, ना प्रपत्र, ना प्रमाणपत्र. मुलांना नको वाटलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी आलीच नसती. ती रोज यावीत म्हणून सरांना रोज काहीतरी द्यावं लागलं. जिथे खेळाडूला निघून जाण्याची मोकळीक असते, तिथे प्रशिक्षकाला आपली जागा रोज कमवावी लागते.

अधिकार हातात असूनही तो न वापरणारा माणूस खानदेशाने पाहिला आहे. १९२४ मध्ये साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले आणि पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांनी खोली झाडली नाही तर गुरुजी स्वतः झाडू घ्यायचे, कपडे अस्ताव्यस्त पडले असतील तर घड्या घालून ठेवायचे. ओरडण्यापेक्षा त्याचा धाक जास्त होता, असं त्यांचे विद्यार्थी म्हातारपणीही सांगत. १९३० मध्ये ते शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यात गेले, तेव्हा सहा वर्षंच झाली होती, पण अमळनेर अजून त्या सहा वर्षांवर बोलतं. तरीही प्रत्येक क्रीडा संचालकाने साने गुरुजी व्हावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे आणि बेभरवशाचीही. संत माणूस मिळाला तर मुलं वाचली, नाही मिळाला तर त्यांचं नशीब, असं कुठल्याही संस्थेचं धोरण असू शकत नाही.

म्हणून व्यवस्थेकडे वळावं लागतं. इथे महाविद्यालयीन खेळाडूची कोंडी स्पष्ट दिसते. शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घालणारा शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. पोक्सो अठरा वर्षांखालच्यांसाठी आणि तोही लैंगिक गुन्ह्यांपुरता. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडा संकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट समावेश आहे, पण त्याचाही विषय तेवढाच. २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा सुरक्षित खेळाच्या धोरणाची आणि तक्रार निवारणाची भाषा करतो, मात्र त्याचं लक्ष राष्ट्रीय संघटनांवर आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला रोज शिवीगाळ होत असेल, तर त्याच्या कामाचा नियम एकच उरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिच्यात विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी हवा, वर दाद मागायला विद्यापीठाचा लोकपाल हवा. छळ आणि सूडाची वागणूक हे विषय या समितीच्या कक्षेत येतात. फक्त खेळाडूला कुणी हे सांगत नाही. फी, निकाल, शिष्यवृत्ती यांच्या तक्रारी तिथे जातात. मैदानावरचं सगळं ‘सरांच्या पातळीवर’ मिटतं.

समिती मैदानापर्यंत आणायची तर आधी सह्या वाटाव्या लागतील. प्रमाणपत्र क्रीडा विभागाच्या कपाटातून न मिळता महाविद्यालयाच्या कार्यालयातून, ठरलेल्या दिवशी, सही करून मिळालं पाहिजे. प्रवासभत्ता थेट खेळाडूच्या बँक खात्यात गेला पाहिजे. संघनिवडीच्या वेळी बाहेरच्या महाविद्यालयाचा किंवा जिल्हा संघटनेचा एक माणूस असावा आणि कुणाला का घेतलं, का वगळलं हे चार ओळींत लिहून फलकावर लागावं. असं झालं तर संचालकाचंही संरक्षण होतं, कारण ‘मला मुद्दाम काढलं’ या आरोपाला उत्तर म्हणून त्याच्याकडे कागद असतो. मुलींच्या संघासोबत महिला सहकारी असल्याशिवाय संघ गावाबाहेर जाऊ नये. खर्च परवडत नाही हे कारण इथे चालू नये.

यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट सोडून गेलेल्यांची आहे. हंगामाच्या सुरुवातीला सरावाला पस्तीस नावं असतात, शेवटी अठरा उरतात. सोडून गेलेल्या सतरांशी क्रीडा विभागाबाहेरच्या कुणीतरी, ग्रंथपालांनी, एनएसएसच्या प्राध्यापिकेने, दहा मिनिटं बोलावं आणि का सोडलं ते नाव न घालता लिहून ठेवावं. कुणी अभ्यासासाठी सोडलं असेल, कुणी कामाला लागलं असेल, कुणाचं गुडघ्याचं दुखणं असेल. तीन वर्षं सलग पाच-सात जणांनी एकच कारण सांगितलं, तर प्राचार्यांना पोलिसांत गुन्हा दाखल होण्याची किंवा वर्तमानपत्रात बातमी येण्याची वाट पाहायची गरज राहणार नाही. त्या संचालकाला बोलावून, मदतनीस देऊन, गरज पडली तर रजेवर पाठवून वेळीच सावरता येईल. बहुतेक माणसं सावरण्यासारखी असतात.

विद्यापीठाच्या जळगाव, एरंडोल, धुळे आणि नंदुरबार या विभागांच्या स्पर्धांचं वेळापत्रक शैक्षणिक वर्षाच्या तोंडाशी ठरतं. त्या बैठकीत यजमान महाविद्यालयं ठरतात, पंचांचं मानधन ठरतं, किटचे दर ठरतात. यंदाच्या विषयपत्रिकेवर आणखी तीन विषय घालता येतील: प्रमाणपत्र कुणी द्यायचं, मैदानावर बर्फ आणि टाकी कुणी ठेवायची, आणि खेळाडूने तक्रार कुणाकडे न्यायची. तिसऱ्या विषयात ज्या व्यक्तीचं नाव ठरेल, तिचा फोन नंबर प्रत्येक संघाच्या खेळाडूला पहिल्याच सरावाच्या दिवशी, क्रीडा संचालकांच्या उपस्थितीत, त्यांच्याच तोंडून दिला जावा.